हेस्टर मावशीच्या माळ्यावरची काजळी

"डोकं सांभाळा गं पोरींनो! आणि म्युरी, उतरताना माझी काजळी घरी नेऊ नकोस. तुझी आई माझ्या नावानं बोटं मोडते!"

हा आवाज जिन्याच्या तळाशी उभा राहून वर चढायचा. हेस्टर लस्कमचा आवाज, जाडसर, मऊ, मळलेल्या कणकेसारखा. तो ऐकला की आठ वर्षांची म्युरिएल आणि तेवढ्याच वयाची लव्हडे, म्हणजे हेस्टरचीच लेक, दोघी खिदळत शेवटच्या पायरीवर गुडघे टेकायच्या आणि सरपटत माळ्यावर शिरायच्या. वर अंधार. अंधारात आढं, तुळया, वासे, सगळं काळंभोर. हात लावावा तिथे बोटं काळी. दोरीवरच्या उड्यांच्या चालीवर दोघींनी त्या माळ्याचं एक गाणंच रचलं होतं:

एक पायरी, दोन पायरी, वर काळी रात,
हेस्टर मावशीच्या माळ्यावर कोण माखतो हात?
तीन पायरी, चार पायरी, वर काळा वासा,
आई म्हणते, फ्रॉकवरती कुणाचा गं ठसा?

त्याला एकोणसत्तर वर्षं झाली. आता त्या जिन्याच्या जागी डेव्हनमधल्या ब्रॅमकूम गावचा बसथांबा होता, आणि थांब्याच्या भिंतीपाशी हातात काठी घेऊन म्युरिएल टॅप्सकॉट उभी होती. मे महिन्यातली दुपार. कुंपणांवर काटेरी झुडपं पांढऱ्या फुलांनी लवली होती, आणि वळणावरून दुधाची टँकरगाडी न थांबता, न कचरता, ऐटीत वळून गेली. एवढ्यासाठीच तर घर पाडलं होतं. गाड्यांना वळता यावं म्हणून.

"बाई, इथे लावू की इथे?" डेन्झिल यो विचारत होता. पन्नाशी उलटलेला, शाळेची बस चालवणारा माणूस, गावच्या इतिहास मंडळाचा अध्यक्ष. पण म्युरिएलच्या हाताखाली पहिली-दुसरी शिकला होता, त्यामुळे तिच्यासमोर तो अजूनही जरा ताठ उभा राही. हातातला पुठ्ठा त्याने भिंतीवर धरला. काळ्या दगडाची पाटी यायची होती, तिच्या मापाचा पुठ्ठा.

"जरा खाली घे. उंच माणसांनाच वाचता यावं असं थोडंच आहे."

"खाली घेतली तर कुत्री पाय वर करतील."

"करू देत. निदान कुणीतरी थांबेल तरी."

डेन्झिल हसला. मग खिशातून कागद काढून त्याने वाचून दाखवला, शाळेत धडा वाचायचा तसाच, प्रत्येक शब्दावर बोट ठेवत. "इथे लस्कम घराण्याचे राहते घर होते. बांधले सतराशे एक्याण्णव. रस्ता रुंद करताना पाडले एकोणीसशे एकाहत्तर. आणि खाली बारीक अक्षरात, माहिती: मिस म्युरिएल टॅप्सकॉट. शुक्रवारी दगडवाला छिन्नी हातात घेणार. एकदा कोरलं की खोडरबर चालत नाही बाई. तुम्हीच शिकवलंत, आधी वाचा, मग लिहा."

म्युरिएलने कागद घेतला. आकड्यावर तिची नजर गेली आणि नेहमीसारखी घसरून पुढे गेली.

"वर्षाची खात्री करून घ्यायला नको," डेन्झिल म्हणाला, आणि थांब्याच्या भिंतीत बसवलेल्या जुन्या दगडावर त्याने प्रेमाने थाप मारली. पाडापाडीतून वाचलेला तेवढा एकच दगड. त्यावर कोरलेलं होतं: जे. एल., १७९१. "दगडच बोलतोय. आणि वर तुमचं पुस्तक. सहाव्यांदा छापलंय, म्हणजे खोटं कसं असेल!" मग त्याला काही आठवलं आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "मला ते घर पडलेलं अजून आठवतं. सात वर्षांचा होतो. मागच्या शेतात लाकडांची होळी दोन दिवस जळत होती. आम्ही त्या निखाऱ्यांत बटाटे भाजले होते. काय बटाटे होते बाई! तुम्हीपण खाल्ला होता. अर्धा."

"खाल्ला होता," म्युरिएल म्हणाली.

"पण पाटीवरचा पडदा ओढणार कोण? लव्हडे काकूंशिवाय दुसरं नाव सुचत नाही. त्यांच्या आईचं घर. मी दोनदा गेलो. म्हणाल्या, डेन्झिल, तुझ्या बसखाली घाल मला, पण त्या वळणावर उभी करू नकोस." त्याने पुठ्ठा काखेत मारला. "तुम्ही बोला ना. तुमचं त्या ऐकतात."

लव्हडेचं त्या वळणाशी असलेलं वैर अख्ख्या गावाला ठाऊक होतं. अठ्ठेचाळीस वर्षं ती तिथून गेली नव्हती. दुकानाची तीन मिनिटांची वाट सोडून ती चॅपलमागच्या गल्लीने पंधरा मिनिटं चालत जाई, पावसात, बर्फात, गुडघे दुखत असताना. नवरा गेला तेव्हा शवपेटीची गाडीसुद्धा तिने मागच्या गल्लीतूनच चर्चला नेली. ड्रायव्हरने कुरकुर केली तेव्हा ती म्हणाली होती, "त्याला घाई नाही, तुला आहे का?" लोक म्हणायचे, आईच्या घराची माया. म्युरिएलही तसंच समजत आली होती.

"बोलते," ती म्हणाली. "कागद माझ्याकडे राहू दे."

टेकाड चढून लव्हडेच्या घराकडे जायचं म्हणजे म्युरिएलला आता अर्धा तास लागे. काठी, पाऊल, काठी, पाऊल. चालताना माणूस जे विचार करायचे नाहीत तेच करतो.

तिचं पुस्तक एकोणीसशे अडुसष्टच्या ईस्टरला छापून आलं होतं. 'फोर स्ट्रीटवरून एक फेरी.' चोवीस पानं, निळं कव्हर. तेव्हा ती सव्वीस वर्षांची, गावच्या शाळेतली धाकटी बाई. दोन हिवाळे तिने चर्चच्या नोंदवह्या वाचण्यात घालवले, हात गारठले की वह्या मिटायच्या, चोळायचे, पुन्हा उघडायच्या. रस्त्यावरच्या प्रत्येक घरापुढे उभं राहून तिने टिपणं केली. अकरा नंबरच्या दारावरचा दगड वाचला आणि लिहिलं: लस्कम यांचे विटांचे साधे घर, बांधले १७९१. पुस्तक निघालं तेव्हा पाद्रीबाबांनी भर प्रार्थनेत तिचं नाव घेतलं. तिचा बाप रस्त्याच्या कडेचे चर खणणारा माणूस, ज्याने उभ्या आयुष्यात बायबलशिवाय पुस्तक हातात धरलं नव्हतं. त्याने ते निळं पुस्तक घड्याळाशेजारी ठेवलं आणि दाराशी येणाऱ्या टपालवाल्यापासून कोळसेवाल्यापर्यंत प्रत्येकाला तो म्हणे, "आमच्या पोरीनं छापलंय. हात पुसून घे, मग बघ."

मग महिन्याभराने ती तालुक्याच्या गावी एका व्याख्यानाला गेली. जुनी घरं कशी ओळखावीत, असा विषय. सतत खोकणारा एक बुटका माणूस पांढऱ्या पडद्यावर चित्रं दाखवत होता. एका चित्रात काळे वासे आले. तो म्हणाला, "धुराडी नंतर आली, मंडळी. त्याआधी घराच्या मधोमध जमिनीवर जाळ पेटायचा आणि धूर छपरातून वाट काढायचा. वाशांवर अशी काजळी दिसली की समजा, चार-पाचशे वर्षांचं घर तुमच्यासमोर आहे. आणि दारावरच्या आकड्यावर जाऊ नका! पुढच्या अंगाला विटा चढवण्याइतका घरमालकाचा खिसा कधी गरम झाला, एवढंच तो सांगतो." सभागृह हसलं. त्या हसण्याच्या वर, कुठून तरी, म्युरिएलला ऐकू आलं: एक पायरी, दोन पायरी, वर काळी रात.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती हेस्टरकडे गेली. चहा झाला. मग म्हणाली, "मावशी, जरा माळ्यावर जाऊन येऊ?"

"आता गं कशाला? बाहुली विसरलीयस?"

"उगीच. बघावंसं वाटलं."

"जा बाई. डोकं सांभाळ. आता तू उंच झालीस."

ती वर गेली. मेणबत्तीच्या उजेडात तिने तुळईला हात लावला, दोन मोठाल्या वाकड्या लाकडांची कैची वर आढ्याला जाऊन भिडलेली पाहिली, जाडजूड मेखांनी ठोकलेली. विटा तर फक्त पुढच्या अंगाला. मागे सगळी माती आणि गवताची, हातभर जाड भिंत. हे घर एका राजाच्या काळात जन्मलं आणि कित्येक राजांना पुरून उरलं होतं, आणि तिने त्याला साधं म्हटलं होतं. खाली आल्यावर हेस्टरने तिचे हात पाहून कपाळावर हात मारला, मोरीपाशी नेऊन पिवळा साबण दिला. "सव्वीस वर्षांची घोडी, पण काजळी काही सुटत नाही हिची." म्युरिएल हसली. सांगायला तोंड उघडलं होतं तिने. पण निळं पुस्तक खिडकीतच होतं, हेस्टरने मुद्दाम बाहेरून दिसेल असं उभं करून ठेवलेलं. दुसऱ्यांदा छापताना दुरुस्त करू, तिने ठरवलं. तोवर कुणाचं काय अडतंय.

तीन आठवड्यांनी लंडनच्या सरकारी खात्यातला माणूस आला. जुन्या इमारतींची यादी करणारा. यादीत नाव लागलं की घराच्या एका विटेला हात लावायचा तर शंभर परवानग्या लागत. त्याला रस्ता दाखवायला म्युरिएलला शाळेतून सुट्टी मिळाली. त्याच्या कोटाच्या खिशात निळं पुस्तक होतं, पानांना घड्या घातलेलं. "इतकं नीटनेटकं काम मी मोठ्या शहरांतसुद्धा पाहिलं नाही, मिस टॅप्सकॉट," तो म्हणाला. तिचे कान तापले. चर्च झालं, पाणचक्की झाली, खानावळ झाली. अकरा नंबरापाशी तो थांबला, पान उलटलं.

"सतराशे एक्याण्णव?"

"हो," म्युरिएल म्हणाली.

"खिडक्याही बदललेल्या दिसतात. हं."

दार उघडलं. हेस्टर उभी. डोक्यावर स्वच्छ रुमाल, हातात ट्रे, त्यावर चांगले कप, लग्नातले. "साहेब, आत या ना. घोटभर चहा घ्या. माळा बघायचा तर बघा, डोकं तेवढं सांभाळा."

साहेबाने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. अजून अर्धा रस्ता बाकी होता. त्याने म्युरिएलकडे पाहून हळूच विचारलं, "आत जाण्यासारखं काही आहे का, मिस टॅप्सकॉट?"

आणि ती म्हणाली, "तसं विशेष काही नाही."

हेस्टरने ते ऐकलं. तिला राग आला नाही, हेच म्युरिएलला आजवर टोचत आलं होतं. ट्रे थोडा खाली झाला एवढंच. "ती म्हणते म्हणजे नसेलच," हेस्टर साहेबाला म्हणाली. "आमच्यात वाचणारी तीच."

पुढचं लवकर घडलं. तीन वर्षांनी वळण रुंद करायचं ठरलं, अकरा नंबर यादीत नव्हतं, घर देऊन टाकायच्या कागदावर हेस्टरने सही केली. पहिल्या दिवशी कौलं निघाली. दुसऱ्या दिवशी आकाशाखाली ते काळे वासे उघडे पडले, एखाद्या मोठ्या जनावराच्या बरगड्यांसारखे, आणि मजुरांचा मुकादमही टोपी मागे सारून क्षणभर बघत राहिला. शाळेच्या कुंपणापाशी म्युरिएल मुलांना घेऊन उभी होती. संध्याकाळी शेतात लाकडांची होळी पेटली, मुलांनी बटाटे आणले, कुणीतरी अर्धा तिच्या हातात ठेवला, आणि तो खाताना तिला आपण काय खातोय ते पक्कं ठाऊक होतं.

हेस्टर गावाबाहेरच्या नव्या बंगलीत राहायला गेली. तिथले दरवाजे उंच होते, पांढरे, सरळ. तरी प्रत्येक दारातून जाताना ती मान वाकवायची. मरेपर्यंत वाकवत राहिली.

पुस्तक पुन्हा छापलं गेलं. पुन्हा. आणि पुन्हा. दर वेळी म्युरिएल त्या ओळीवर पेन्सिल टेकवी. आकडा बदलला तर लोक विचारतील, कधी कळलं बाई तुम्हाला? पेन्सिल उचलून ती पुढच्या पानावर जाई.

"दार उघडंच आहे!" लव्हडेचा आवाज आला. "पाय पुसून ये. आजच फरशी पुसलीय, आणि आता माझ्याच्यानं रोज पुसवत नाही."

आवाज हुबेहूब आईचा झाला होता. म्युरिएल उंबऱ्यात क्षणभर थबकली.

लव्हडे हेक्स्ट सत्त्याहत्तराव्या वर्षीही गोल, गुलाबी, बडबडी होती. टेबलावर स्कोन म्हणजे छोटे गोल पाव होते, गरम, सायीचं भांडं होतं, जॅम होता. स्वयंपाकघराची खिडकी उघडी, आणि ती मिटू नये म्हणून चौकटीत एक लाकडाची मेख अडकवलेली. जाड, वीतभर, काळी. म्युरिएलने ती शेकडो वेळा पाहिली असेल. काय आहे म्हणून कधी विचारलं नव्हतं.

"डेन्झिलनं पाठवलं ना तुला?" लव्हडे चहा ओतत म्हणाली. "चेहऱ्यावर लिहिलंय. त्या पोराला सांग, आणखी कुणाला पाठवलं तर त्याच्या बसचे टायर मी फोडणार."

"सांगते."

"आणि हे काय? आधी जॅम? कॉर्नवॉलवाली कधीपासून झालीस तू? आधी साय लावायची, मग जॅम. सत्तर वर्षं डेव्हनची साय खाल्लीस, आता म्हातारपणी गाव सोडतेस होय?"

म्युरिएलने स्कोनकडे पाहिलं. खरंच जॅम खाली लागला होता. ती हसली. बशी तिने बाजूला सारली आणि कागद टेबलावर ठेवला.

"लव्हडे, तू का येत नाहीस ते मला सांग. आईची आठवण येते म्हणून म्हणशील तर ती मलाही येते. एक पडदा ओढायचा. मी शेजारी उभी राहीन."

लव्हडेने चष्मा लावून कागद वाचला. मग चष्मा काढून एप्रनच्या टोकाने पुसत बसली.

"तुला सांगण्यासारखं नाही गं," ती म्हणाली. "तुला तर नाहीच नाही."

"मला का नाही?"

"कारण तुला लागेल." तिने कागदावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "म्युरी, तुझ्या पुस्तकात चूक आहे."

बाहेर कुठेतरी एक ट्रॅक्टर बंद पडला आणि पुन्हा चालू झाला.

"मला अठ्ठेचाळीस वर्षांपासून माहीत आहे," लव्हडे म्हणाली. "लाकडं जळत होती ना, दुसऱ्या दिवशी, तेव्हा एक पोरगेलासा माणूस फटफटीवरून चालला होता. धूर बघून थांबला. कुठल्याशा म्युझियमात नोकरीला होता. आगीच्या कडेला एक तुळई अर्धी जळून पडली होती, ती त्यानं बुटानं उलटवली आणि तसाच मटकन खाली बसला. मला म्हणाला, ताई, हे घर कुणी पाडलं? पाचशे वर्षांचं होतं हे. कुणी आम्हाला एक पत्र टाकलं असतं तर आम्ही रस्त्यावर आडवे झालो असतो. मी पोटुशी, कंबरेवर हात ठेवून उभी. काय बोलणार? त्यानं ती मेख उपटून माझ्या हातात दिली. निदान एवढं ठेवा, म्हणाला. आणि गेला."

दोघींनी खिडकीतल्या मेखेकडे पाहिलं.

"आईला सही करायला मी लावली," लव्हडे म्हणाली. आता तिच्या आवाजातून कणीक गेली होती, नुसतं पीठ उरलं होतं, कोरडं. "आई नको म्हणत होती. दोन दिवस कागद घेऊन बसली. मीच ओरडले तिच्यावर. म्हटलं, भिंतींना ओल, हिवाळ्यात छातीत घरघर, आणि असं काय सोनं लागून गेलंय या घराला? साहेब येऊन गेला, म्हणाला काही नाही. म्युरीनं लिहिलंय, सतराशे एक्याण्णव. म्युरीला जास्त कळतं की तुला? तर आई म्हणते कशी, 'पण म्युरीला माळा आवडायचा गं.' एवढंच. आणि सही केली."

म्युरिएलचे हात मांडीवर होते. तिने ते एकमेकांत घट्ट धरले.

"मी कुणाला तरी विचारायला हवं होतं. एक पत्र. एका तिकिटाचं काम. मी नाही विचारलं. मला नवी न्हाणी हवी होती आईसाठी, गरम पाण्याची, म्हणून. त्या वळणावरून मी कशी जाऊ? आणि तुला कुठल्या तोंडानं सांगू की तुझं पुस्तक चुकलंय? तुझे बाबा ते उशाशी ठेवूनच वारले. गावात कुणाचं काय छापलं गेलंय दुसरं? म्हटलं, घर तर गेलंच, पुस्तक तरी राहू दे. ते वाचून मला झोप लागते म्युरी, खरं सांगते. आईचं नाव आहे त्यात." तिने नाक पुसलं. "तू काय मुद्दाम लिहिलंस? दगडावर जे होतं ते लिहिलंस. आपण दोघी त्या माळ्यावर लोळलो, नाकातोंडात काजळी गेली, पण काजळी म्हणजे काय हे आपल्याला कुठे कळत होतं? कोण माखतो हात, म्हणत उड्या मारायचो. मूर्ख पोरी."

"आकडा बदलता येईल," म्युरिएल म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "शुक्रवारपर्यंत वेळ आहे."

"बदल तर. खरंच बदल." लव्हडे पुढे झुकली. तिचा चेहरा एकाएकी उजळला, ओझं उतरवायला जागा सापडलेल्या माणसासारखा. "मग लोक विचारतील, कुणाला माहीत होतं, कधीपासून. तर माझं नाव सांग. सांग, लव्हडेला माहीत होतं, तिनं लपवलं. तिनंच आईला सही करायला लावली. मला नाही वाईट वाटायचं. आता किती दिवस उरलेत, आणि डेन्झिल काय मला फाशी देणार आहे? तू त्यात कुठेच येत नाहीस. तुला बिचारीला काय माहीत होतं!"

सगळं किती सोपं झालं होतं. आकडा दुरुस्त होणार होता, पुस्तक सातव्यांदा छापलं जाणार होतं, आणि गाव म्हणणार होतं, बाईंनी एवढ्या वयातही चूक शोधून काढली. म्युरिएलने फक्त मान हलवायची होती. एकावन्न वर्षांपूर्वी एका दारात केलं होतं, तेवढंच काम.

तिने हात पुढे केला आणि चौकटीतली मेख काढली. खिडकी हळूच आपली आपण मिटली. मेख जड होती. बोटांना काजळी लागली, थोडीशी, अजूनही.

"काय करतेयस? हात खराब होतील," लव्हडे म्हणाली.

"तुला नव्हतं माहीत लव्हडे. मला होतं," म्युरिएल म्हणाली. "साहेब आला त्याच्या तीन आठवडे आधीपासून. मी माळ्यावर जाऊन आले होते, तुझ्या आईच्या साबणानं हात धुतले होते. काजळी म्हणजे काय ते मला कळलं होतं. तो दारात उभा राहून म्हणाला, आत जाण्यासारखं काही आहे का. तुझी आई ट्रे घेऊन समोर होती, लग्नातले कप काढले होते तिनं. आणि मी नाही म्हटलं. माझ्या पुस्तकातला एक आकडा चुकलाय, एवढं त्या माणसापुढे माझ्याच्यानं म्हणवलं नाही. बस, एवढंच कारण. सही तुझ्या आईनं केली असेल, तू करायला लावली असशील. पण ते घर मी पाडलं."